फोनचं बिल आणि १८८५ चा कायदा

परवा रविवार कारंजावर एका ओळखीच्या दुकानदाराने मोबाइलचं बिल पुढे धरलं. दर महिन्याला पाच-सहाशे येणारं बिल एकदम नऊ हजारांच्या घरात. कस्टमर केअरला आठ फोन झाले. शेवटी तिकडून ऐकवलं, "फोनच्या बिलाची केस ग्राहक कोर्टात चालत नाही." तो मला विचारतो, "भाऊ, खरं आहे का हे?"

मंडळी, एकेकाळी हे खरं होतं. आज नाही. मधली गोष्ट माहीत नसली की माणूस गप्प पैसे भरून मोकळा होतो, म्हणून लिहितोय.

इंग्रजांनी १८८५ साली टेलिग्राफ कायदा केला. स्वातंत्र्यानंतर फोनही त्याच कायद्याखाली चालला. १९५७ मध्ये त्यात ७-ब हे कलम घातलं. फोनबद्दल वाद झाला तर केंद्र सरकारने नेमलेला लवाद निकाल देणार, आणि त्या निकालाला कुठल्याही कोर्टात आव्हान नाही. तेव्हा फोन देणारं सरकार आणि लवाद नेमणारंही सरकारच!

पुढे ग्राहक चळवळ उभी राहिली. त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि साध्या माणसाला दाद मागायला जागा मिळाली. फोनच्या तक्रारीही तिथे जाऊ लागल्या.

केरळात बिल थकलं म्हणून एकाचा फोन तोडला होता. कोझिकोडच्या ग्राहक मंचाने फोन जोडून द्या आणि ५,००० रुपये भरपाई द्या, असा आदेश दिला. टेलिकॉम खातं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १ सप्टेंबर २००९ ला निकाल लागला: ७-ब कलम असताना ग्राहक मंचाला अधिकार नाही. हा निकाल सरकारी फोनचा होता, पण पुढे खासगी कंपन्याही ग्राहक मंचात हाच निकाल पुढे करू लागल्या.

आता अहमदाबादची केस बघा. २४९ रुपये भाड्याचा पोस्टपेड मोबाइल, महिन्याचं सरासरी बिल ५५५ रुपये. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या एका महिन्याचं बिल आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे! गंमत म्हणजे त्याच वर्षी जुलैमध्ये देशातली तार सेवा कायमची बंद झाली होती. तार गेली, पण तारेचा कायदा ग्राहकाच्या वाटेत उभाच.

मे २०१४ मध्ये त्या ग्राहकाने जिल्हा मंचात तक्रार केली. तुम्हाला ही केस ऐकताच येत नाही, असं म्हणत कंपनी वरच्या कोर्टात गेली. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी व्होडाफोन आयडियाचं अपील फेटाळलं आणि २००९ चा निकाल चुकीचा ठरवला. ग्राहक कायद्यातल्या 'सेवा' या शब्दात फोनही येतो. लवादाची सोय असली तरी ग्राहक न्यायालयाचा हक्क जात नाही. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही हा हक्क कायम ठेवलाय.

पण हिशोब करा. बिल बरोबर की चूक, हे त्या निकालात ठरलंच नाही. कुठल्या दारात जायचं, एवढं ठरायलाच पावणेआठ वर्षं गेली. चोवीस हजारांसाठी इतकं कोण लढणार? तो लढला, म्हणून आज आपल्याला दार उघडं आहे.

तेव्हा असं बिल आलं तर आधी कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या आणि लिहून ठेवा. समाधान नाही झालं तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा, त्याला पैसे लागत नाहीत. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची, ती मात्र चुकवू नका.

दुकानदाराला मी एवढंच म्हटलं, "केस चालत नाही, हे त्यांना लेखी द्यायला सांगा." अजून काही लेखी आलेलं नाही.

तुमच्याकडे असं बिल आलंय का? कमेंटमध्ये सांगा. फक्त फोन नंबर टाकू नका.