जीर्णोद्धार आणि अस्सलपणा : एका बेंटलीची कैफियत

जुन्या, उंची मोटारी विकत घेणाऱ्या संग्राहकांच्या जगात 'रिस्टोअर्ड' या शब्दाला मोठे वजन आहे. मात्र हा शब्द एकाच वेळी दोन आश्वासने देतो. गाडी जुनी आहे हे पहिले, आणि ती जुनी झालेली नाही हे दुसरे. ही दोन्ही एकत्र खरी कशी असू शकतात, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. 1990 साली लंडनच्या उच्च न्यायालयाला तो विचारावा लागला, आणि त्याचे दिलेले उत्तर आम्हां साहित्य शिकवणाऱ्यांनाही विचारात पाडणारे आहे.

खटल्याचा विषय होता 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी, उघड्या टपाची बेंटली स्पीड सिक्स. बेंटलीची साडेसहा लिटरची गाडी ही मुळात श्रीमंतांच्या ऐषारामासाठी घडवलेली. कंपनी चॅसी देई आणि गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून तिच्यावर बॉडी चढवून घेई. स्पीड सिक्स ही तिचीच अधिक वेगवान आवृत्ती. हिऱ्यांच्या व्यापारातील वारसा लाभलेले वूल्फ बार्नाटो हे कंपनीचे अध्यक्षही होते आणि शर्यतपटूही. 1929 साली त्यांनी टिम बर्किन यांच्या जोडीने या गाडीतून ल मॉ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. 1930 साली ग्लेन किडस्टन यांच्या जोडीने तीच गाडी तेथे पुन्हा पहिली आली. पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत जाऊन रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. गाडी मात्र धावत राहिली. सप्टेंबर 1932 मध्ये ब्रूकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत, आठ लिटरचे इंजिन बसवलेली ही गाडी उतरत्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि तरुण चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडले. मोडलेली गाडी पुन्हा उभी करण्यात आली, ती रस्त्यावर वापरण्याजोगी कूपे म्हणून.

त्यानंतर अनेक वर्षांनी ती जीर्णोद्धार होऊन पुन्हा विक्रीस आली. मालक एडवर्ड हबर्ड यांच्याशी एका कंपनीने 1990 च्या एप्रिलमध्ये सौदा केला, आणि किंमत ठरली एक कोटी पौंड. पुढे खरेदीदाराने हात आखडता घेतला. ही ती गाडीच नव्हे, असा त्याचा दावा होता. प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर आले.

तज्ज्ञांच्या साक्षींतून निघालेली यादी खरेदीदाराच्या बाजूची वाटावी अशीच होती. 1929 च्या गाडीतले काही किरकोळ जोडभाग वगळता निश्चितपणे काहीच उरलेले नव्हते. 1930 च्या गाडीतले उरले होते ते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे आवरण आणि स्टिअरिंग कॉलम. तरीही निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला. 1929 ची मूळ गाडी आता अस्तित्वात नाही, हे न्यायमूर्तींनी मान्य केले. पण ही गाडी नक्कल किंवा प्रतिकृती आहे, हे मात्र मानले नाही. शर्यतींच्या त्या चार हंगामांत एकेक भाग बदलत गेला आणि प्रत्येक नवा भाग गाडीत सामावून गेला. कोणत्याही टप्प्यावर तिची ओळख तुटली नाही. त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडीही नव्हती. सारांश, अस्सलपणा धातूत शोधू नये, अखंड चरित्रात शोधावा.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद परका वाटणार नाही. ज्ञानेश्वरांच्या काळातली पोथी आपल्या हाती नाही. जे हाती आहे ते नकलांमागून नकला होत, शब्द बदलत आलेले आहे, आणि तरीही ती ज्ञानेश्वरीच आहे, कारण वाचणाऱ्यांची साखळी तुटली नाही. भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्तीही मूळ ग्रंथ सापडल्याचा दावा करीत नाही. उपलब्ध हस्तलिखितांतून जेथवर मागे जाता येते, तेथवरच ती जाते.

तथापि, न्यायालयाचे तत्त्व मान्य केल्यावर एक अडचण उभी राहते. अखंड चरित्र हीच जर गाडीची ओळख असेल, तर त्या चरित्रात 1932 चा अपघातही आला आणि त्यानंतरचे कूपेचे दिवसही आले. शर्यतीच्या वैभवकाळातील उघडे रूप गाडीला पुन्हा चढवणारा जीर्णोद्धार मात्र ज्या सातत्यामुळे ती अस्सल ठरली, त्यातलीच काही पाने मिटवून टाकतो. बाजाराला विजय हवे असतात, डन्फींचा मृत्यू तळटीपेत गेला तरी चालतो. आमच्या मते हा दोष एका मालकाचा नाही. तो सबंध संग्राहक-रुचीचा आहे. जुन्या वाड्यांना नवा रंग फासताना आणि संतचरित्रांतील नको ते प्रसंग गाळताना आपणही हेच करतो.

मग प्रामाणिक जीर्णोद्धार कशाला म्हणावे? उत्तर एकनाथांकडे आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि आपले नाव व तो शक ग्रंथाच्या शेवटी स्वच्छ नोंदवून ठेवला. पुढच्या कोणी त्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. दुरुस्ती झाली आहे, ती कोणी केली आणि केव्हा, हे वाचकापासून त्यांनी लपवले नाही. आपण शिकवतो त्या प्रत्येक संहितेकडून, आणि विक्रीस मांडलेल्या प्रत्येक चकचकीत जुन्या मोटारीकडूनही, एवढीच अपेक्षा करावी : नवे काय आहे, हे तिने आपल्या अंगावर लिहून मिरवावे.