पूर येतो तेव्हाच नदी आठवते का, बदलापूरकर?

जोराचा पाऊस लागला की आपल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो. "उल्हास नदीने इशारा पातळी ओलांडली." मग चौपाटीचे व्हिडिओ, मग "धरणाचे दरवाजे उघडले" ही अफवा, मग तिचा खुलासा. दोन दिवसांनी ऊन पडतं आणि सगळे विसरतात. म्हणून ही पोस्ट जरा लांब लिहितोय. वेळ काढून वाचा.

आपल्या गावाच्या नावाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. घाटाकडे जाणारे स्वार इथे घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. ही झाली दंतकथा. पण घोडे बदलायला मुक्काम लागतो आणि मुक्कामाला पाणी लागतं, एवढं तर त्यातून कळतंच. जुनं गाव वसलं ते पश्चिमेला, उल्हासच्या आधाराने. १८५६ मध्ये रेल्वे आली आणि हळूहळू गावाचं तोंड नदीकडून स्टेशनकडे वळलं. पूर्वेचं कुळगाव वाढलं. आज आपण पत्ता सांगतो तोही "स्टेशनपासून दहा मिनिटं" असा. नदीपासून किती, ते कोणी सांगत नाही.

पाणी मात्र आपण नदीचंच पितो. बॅरेजवरून उचललेलं पाणी आपल्या नळाला येतं, अंबरनाथलाही जातं. आणि मे महिन्यातही उल्हास वाहते कशी? तर घाटावर, भीमेच्या खोऱ्यात, ठोकरवाडीचं धरण आहे. त्याचं पाणी बोगद्यातून भिवपुरीच्या वीजगृहात उतरतं आणि वीज तयार झाल्यावर उल्हासला मिळतं. हे १९२२ पासून चालू आहे. म्हणजे आपल्या उन्हाळ्याच्या हंड्यात शंभर वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाचं पाणी आहे. नदीबद्दल घेतलेला निर्णय इतका लांब पोचतो, चांगलाही आणि वाईटही.

आता कारभाराचं बघा. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा आपल्याला तिच्यात घातलं. १९९२ मध्ये बाहेर पडलो आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका उभी राहिली. मुंबईत घर परवडेना, ठाणे-डोंबिवलीही हाताबाहेर गेलं, तशी माणसं कर्जत लाइनने पुढे सरकत आली. २००१ च्या जनगणनेत आपण सुमारे ९८ हजार होतो, २०११ मध्ये १ लाख ७४ हजार. दहा वर्षांत जवळजवळ पावणेदोन पट. एवढ्या माणसांना जागा हवी होती. पश्चिमेला सपाट, मोकळी आणि स्वस्त जागा कुठली होती? नदीकाठची.

२६ जुलै २००५. मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होतो, पत्रकारितेची पदविका घेऊन नुकताच बातम्या द्यायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला चिखल तुडवत गेलो. भिंतींवर पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती, माझ्या डोक्याच्या वर. एका तळमजल्यावरच्या घरात आजी पोराची मार्कशीट दोरीवर वाळत घालत होत्या. तांदळाचं पिंप उपडं पडलेलं. त्या मला म्हणाल्या, "बाळा, फोटो नको काढूस. ती रेघ कुठवर आलीय ते लिहून घे." मी उंची लिहून घेतली. बातमीत जागा नव्हती, ती ओळ कापली गेली.

यापुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तीन-चार वर्षांनी मी एका साप्ताहिकात होतो. पाडव्याच्या पुरवणीत एका गृहप्रकल्पाची जाहिरात होती आणि सोबतचा मजकूर मला लिहायला सांगितला. मी लिहिला. नदीचा वारा, पक्ष्यांचा आवाज, शांत परिसर. जागा बघायलासुद्धा गेलो नाही. गेलो असतो तर ओळखली असती. पैसे मिळाले, घरी मिक्सर आला.

२०१९. तारीख पुन्हा २६ जुलैच. त्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी. एनडीआरएफ आलं, नौदल आलं, पण त्याआधी आसपासच्या गावांतली माणसं पोचली होती. सगळे सुखरूप बाहेर आले. देशभर ती बातमी झाली आणि झाली ते योग्यच. पण त्याच पाण्याने हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवलीच्या बाजूला किती तळमजले बुडाले, त्यांना कॅमेरे मिळाले नाहीत. मी ज्याच्यावर लिहिलं होतं त्या इमारतीतही गेलो. पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या. एक काका झाडू मारता मारता म्हणाले, "पेपरात वाचून घेतलं होतं हो घर." त्यांना माहीत नव्हतं ते कोणी लिहिलं. मीही सांगितलं नाही. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं.

पाणी कसं येतं ते समजून घेऊ. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम, वाटेत माथेरानच्या उतारांवरून आणि कर्जत-नेरळच्या ओढ्यांतून येणारं पाणी, ते सगळं घेऊन उल्हास आपल्याकडे येते. म्हणून इथे पाऊस थांबलेला असतो आणि पाणी चढत असतं. नदी फुगली की नाल्याचं पाणी आत जायला जागा राहत नाही, ते उलटं फिरून सोसायटीत शिरतं. आपल्याकडे इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. मध्ये फक्त एक मीटर. सामान वर न्यायला तेवढाच वेळ.

निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषेत जुन्या इमारतींचे पुनर्विकास अडकलेत, लोक वैतागलेत, आणि त्यांचं चुकीचं नाही. ज्यांनी रीतसर पैसे भरून घर घेतलं त्यांनाच शिक्षा का? पण रेषा पुसून नदी मागे सरकणार नाही. कागदावरची रेषा वाटाघाटीने हलते, भिंतीवरची नाही.

यावर भांडायचं कुठे, तर पालिकेच्या सभागृहात. तेच २०२० मध्ये मुदत संपल्यावर पाच वर्षांहून जास्त काळ नव्हतं. प्रशासक होता. आता नगरसेवक आलेत, तर त्यांच्याकडे रस्ता, गटार, पाणी मागताना दोन गोष्टी आणखी मागूया. पश्चिमेच्या प्रत्येक चौकात खांबावर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची उंची रंगवा. आणि पूररेषेचा नकाशा सर्वसामान्य माणसाला वाचता येईल असा पालिकेच्या दारात लावा. खर्च फार नाही, रंगाचे डबे आणि एक फलक.

तोवर आपलं काम आपण करू. पश्चिमेला राहणाऱ्यांनो, तुमच्या इमारतीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते कमेंटमध्ये लिहा. साल आणि परिसर टाका. जुन्या लोकांना विचारून लिहा. मी सगळं एकत्र करून नगरपालिकेत लेखी देणार आहे. इथे नवीन घर बघताय? तर बिल्डरला विचारण्याआधी शेजारच्या चाळीतल्या आजींना विचारा.

पहिली नोंद माझीच. त्या आजींच्या घरातली, जी तेव्हा छापून आली नाही. २००५, पश्चिम, तळमजला. पाणी दरवाजाच्या चौकटीच्या वर चार बोटं.