रांधणघरांतील तपस्वी

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवळाच्या भिंती केव्हां उभ्या राहिल्या, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हा वृत्तांत पुस्तिकेंत अन्यत्र येईलच. आम्हांस येथें एका निराळ्या इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. रविवारची मिस्सा आटोपून भाविक घरीं परततात. त्यानंतरचे सहा दिवस ते देवासन्निध कसे राहतात, हा तो इतिहास होय. तो कोणत्याहि नोंदवहींत लिहिला जात नाहीं. "फादर, पोटापाण्याच्या धांदलींत देवाची आठवण राहावी तरी कशी?" हा प्रश्न धर्मगुरूंच्या कानीं वारंवार पडतो. प्रश्न प्रामाणिक आहे. आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासांत एका आचाऱ्यानें त्याचें उत्तर आपल्या आयुष्यानें दिलेलें आहे.

हल्लीं फ्रान्समध्यें मोडणाऱ्या लोरेन प्रांतांत, एरिमेनिल या खेड्यांत, इ. स. १६१४ च्या सुमारास निकोलास हेर्मान यांचा जन्म झाला. वयाच्या अठराव्या वर्षीं हिंवाळ्यांत एक निष्पर्ण झाड त्यांच्या दृष्टीस पडलें. हेंच झाड थोड्या काळानें पालवेल, फुलेल, फळेल, हा विचार मनांत येतांच देवाच्या सामर्थ्याचा ठसा त्यांच्या अंतःकरणावर कायमचा उमटला. तथापि त्यांचा मार्ग लगेच सरळ झाला नाहीं. तीस वर्षांच्या युद्धांत (१६१८-१६४८) ते शिपाई झाले, जखमी झाले व पायानें अधू झाले. पुढें एका गृहस्थाकडे नोकरीस राहिले. तेथें त्यांच्या हातून वस्तु फुटत, म्हणून ते स्वतःस धांदरट म्हणवीत.

सन १६४० मध्यें त्यांनीं पॅरिस येथील अनवाणी कार्मेल संघाच्या मठांत प्रवेश केला. ते धर्मगुरु झाले नाहींत. मठांतील कष्टाचीं कामें करणारे साधे बंधु झाले, आणि 'पुनरुत्थानाचे बंधु लॉरेन्स' हें नांव त्यांस मिळालें. वाट्यास आलें तें रांधणघर. तेथें त्यांनीं सुमारें पंधरा वर्षें काढलीं. पुढें ते मठवासीयांच्या वहाणा शिवूं लागले. विशेष हें कीं, रांधण्याच्या कामाची त्यांस स्वभावतःच नावड होती. मठासाठीं द्राक्षारस विकत आणण्यास त्यांस दूर प्रांतीं पाठविण्यांत येई. व्यवहाराची हातोटी नाहीं, पाय अधू. नावेंत हलावयाचें तर पिंपांवरून लोळत सरकावें लागे. तरी हें काम देवाचेंच आहे, असें त्यालाच सांगून ते निश्चिंत होत.

त्यांची रीत साधी होती. काम आरंभण्यापूर्वीं कृपा मागावयाची. काम चालू असतां, घरांतील माणसाशीं बोलावें तसें, अधूनमधून देवाशीं दोन शब्द बोलावयाचे. काम नीट झालें तर आभार मानावयाचे. बिघडलें तर क्षमा मागून, मन न खचूं देतां, पुन्हा हात घालावयाचा. तव्यावरील अंड्याची पोळी उलटावयाची ती देवाच्या प्रीतीसाठीं. जमिनीवरील काडी उचलावयाची तीहि त्याच्याच प्रीतीसाठीं.

हें ऐकावयास सोपें वाटतें. पण पहिलीं सुमारें दहा वर्षें त्यांस फार जड गेलीं. मागील पापांचें स्मरण छळी. आपला उद्धार होणारच नाहीं, या भीतीनें त्यांस दीर्घकाळ ग्रासलें होतें. अखेर, पुढें कांहींहि होवो, जिवांत जीव आहे तोंवर देवावर प्रीति करावयाची, असा निश्चय त्यांनीं केला, आणि मग मनास शांति लाभली. ज्यांस प्रार्थनेंत गोडी वाटत नाहीं, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. गोडी हें देवाच्या सान्निध्याचें माप नव्हे.

फादर जोसेफ द बोफोर यांनीं १६६६ पासून त्यांच्याशीं झालेलीं संभाषणें टिपून ठेविलीं. ता. १२ फेब्रुवारी १६९१ रोजीं बंधु लॉरेन्स प्रभूंत निद्रिस्त झाले. पुढील वर्षीं त्यांचीं पत्रें छापून निघालीं, व १६९४ मध्यें संभाषणें. स्वयंपाक्याचे हे बोल आजहि देशोदेशीं वाचले जातात.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. 'काम हीच प्रार्थना, मग देवळांत कशास जावें?' असा अर्थ कोणी काढील, तर तो चुकेल. बंधु लॉरेन्स मठाच्या नेमलेल्या प्रार्थना पाळीत असत. मिस्सा व संस्कार हा झरा आहे; दिवसाचें काम हें त्या पाण्यानें भिजणारें शेत आहे. झरा बुजविला तर शेत वाळेल. पाणी शेतापर्यंत नेलें नाहीं तर पीक येणार नाहीं.

हा संघ आम्हां पश्चिम किनाऱ्यावरील लोकांस परका नाहीं. अनवाणी कार्मेल संघाचे मठवासी १६२० मध्यें गोव्यास आले, आणि १७२० पासून शतकाहून अधिक काळ त्यांनीं मुंबईच्या कॅथलिकांची आध्यात्मिक सेवा केली. गोव्याच्या मठांत द्वारपालाचें काम करणारे बंधु रेडेम्प्टस हेहि पूर्वीं शिपाईच होते. १६३८ मध्यें सुमात्रांतील आचे येथें त्यांनीं ख्रिस्तासाठीं प्राण दिले; १९०० मध्यें ख्रिस्तसभेनें त्यांस धन्यवादित घोषित केलें. दारांशीं बसणाऱ्यास जें साधलें, तें शेतांत, होडींत, कारखान्यांत किंवा चुलीपाशीं बसणाऱ्यास कां साधूं नये? पवित्र होण्याचें पाचारण सर्वांस आहे, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंहि १९६४ मध्यें स्पष्ट सांगितलें.

म्हणून, प्रिय धर्मबंधु-भगिनींनो, ज्युबिलीची आठवण म्हणून एवढें करूं या. सकाळीं पहिलें काम हातीं घेतांना क्रुसाची खूण करूं या. दिवसांतून कांहीं वेळां येशूचें नांव मनांत घेऊं या. रात्रीं घरच्या मंडळींसह जपमाळेस बसूं या. असें झालें, तर आपल्या पूर्वजांनीं बांधलेलें हें देऊळ घरोघरीं पोंचेल. प्रभु येशू आणि त्याची पवित्र माता आपणां सर्वांस ही कृपा देवोत.