आंबेलाकिया

* आंबेलाकिया : ग्रीसच्या थेसली प्रांतातील हे लहानसे गाव ओसा पर्वताच्या उतारावर, पिनिओस नदीच्या टेंपे खिंडीवर वसलेले असून, तुर्की अमलाखाली, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मंजिष्ठेच्या तांबड्या रंगात रंगविलेले येथील सूत थेट व्हिएन्नाच्या पेठेत जात असे. १७७८ च्या सुमारास भांडवलवाले आणि श्रमजीवी यांनी एकत्र येऊन स्थापिलेली येथील व्यापारी मंडळी, जिचे प्रमुख गेओर्गिओस श्वार्त्स यांचा चित्रांकित वाडा आजही पाहावयास मिळतो, सहकाराच्या इतिहासात आजवर मिळालेल्याहून कितीतरी मोठ्या मानास पात्र आहे, असे प्रस्तुत संपादकाचे निश्चित मत आहे. इंग्लंडातील यंत्रावरचे स्वस्त सूत, तुर्की सुभेदार अली पाशाची जबर करवसुली व १८११ मधील ऑस्ट्रियन सरकारचे दिवाळे या तिहेरी आघाताने तिचा कारभार बुडाला.