श्वासांची गणती

वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. शिक्रापूरच्या परिसरातले, शिरूर तालुक्यातलेच हे गाव. परंतु त्याच्याशी निगडित असा दुसराही एक इतिहास आहे. त्यात लढाया नाहीत, तह नाहीत, व तो कोणत्याही बखरीत सापडावयाचा नाही. तो तान्ह्या मुलांच्या श्वासाचा इतिहास होय.

ज्यास आपण आज न्यूमोनिया म्हणतो, त्यास आपल्या आज्या-पणज्या 'डबा' म्हणत. मूल धापा टाकू लागले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, पोट भात्याप्रमाणे उडू लागले, की 'बाळास डबा झाला' हे त्या ओळखीत. हे निरीक्षण खोटे नव्हते. मात्र दोष छातीचा असता तो पोटाचा समजून त्या कोवळ्या पोटावर तापल्या सळईचा अगर बिब्ब्याचा डाग दिला जाई. त्या बायांस निर्दय म्हणावे असे आम्हांस वाटत नाही. डॉक्टर कित्येक कोसांवर, आणि मूल तर डोळ्यांदेखत चाललेले. अशा वेळी हाती जे असे ते त्या करीत.

पुढे गुणकारी औषधे निघाली, तरी ती खेड्यापर्यंत पोचेनात. रोग ओळखावयास डॉक्टरची नळी व क्ष-किरणांचे यंत्र हवेच, अशी समजूत होती. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या डॉ. फ्रँक शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली दाखवून दिले की, खोकणाऱ्या मुलाचे श्वास मिनिटास 50 हून अधिक पडत असल्यास औषध सुरू करण्यास तेवढी खूण पुरते.

हाच धागा गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1988 साली उचलला. त्यांनी 58 गावांतील आरोग्यसेवक व सुइणी यांस श्वास मोजावयास व औषध द्यावयास शिकविले. 44 गावे तुलनेसाठी ठेविली. निरक्षर सुइणींसाठी मण्यांची चौकट व एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ केले. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, की न्यूमोनिया. वर्षाअखेर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत 17.5, तर या गावांत 8.1 भरले. डागाची सळई जिच्या हाती असावयाची, तिच्याच हाती मणी आले, हे आम्हांस औषधाहूनही थोर वाटते.

वढूचे कार्य याच मार्गाचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली तेथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले व गावच्याच माणसांस आरोग्यशिक्षण दिले. 2002 पासून आसपासच्या 22 गावांतील जन्ममृत्यूंची पद्धतशीर नोंद सुरू झाली. 2009 साली इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा श्वासाच्या विकाराने इस्पितळात आलेल्यांपैकी किती जणांस त्या रोगाने ग्रासले, हे या खेड्यांपुरते सांगता आले.

उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची तान्ही मुले याच विकारांनी फार मोठ्या प्रमाणात आजारी पडतात. तेथे बर्फ आहे, येथे ऊन. परंतु दाटीची घरे, कोंडलेला धूर व दूरचे इस्पितळ ही दुःखे सारखीच.

2021 साली न्यूमोकोकसची लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आली, ही मोठीच जोड झाली. तथापि लस घेतलेले मूलही आजारी पडू शकते. म्हणून वाचकांनी एवढे ध्यानी धरावे: मूल शांत असता त्याच्या छातीकडे पूर्ण मिनिटभर पाहावे. दोन महिन्यांखाली 60, वर्षापर्यंत 50, व पाच वर्षांपर्यंत 40 ही मर्यादा श्वासांनी गाठली, किंवा बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. आजीची नजर खरीच होती. तिला केवळ गणतीची जोड हवी होती.