वस्तादांचा जुना वाद

तलवारबाजीला भूमितीच्या दावणीला बांधणारा कामिल्लो अग्रिप्पा मूळचा मिलानचा. पेशाने स्थापत्यकार, तलवार शिकवून पोट भरणारा नव्हे. बोलोन्याच्या वस्तादांकडे ‘लोखंडी दार’, ‘लांब शेपूट’ असल्या झोकदार नावांच्या पवित्र्यांची रेलचेल होती. १५५३ साली रोममध्ये छापलेल्या ग्रंथात अग्रिप्पाने मुख्य पवित्रे चारच ठेवले आणि त्यांना नुसते क्रमांक दिले. म्यानातून तलवार उपसताच हात जिथे जातो, तो पहिला. पुस्तकाच्या नावातच ‘शास्त्र’ होते.

स्पेनमध्ये हे वेड आणखी वाढले. कार्रान्सा हा वस्ताद आणि त्याचा अनुयायी पाचेको दे नार्वाएझ यांनी वर्तुळ, व्यास, कोन यांत लढत बसवली. त्यांच्या नादी लागलेल्या तलवारबाजाची लेखक केवेदोने आपल्या कादंबरीत यथेच्छ टिंगल केली, आणि ती वाचताना हसू येतेच.

इटालियन वस्ताद फाब्रिसनेही १६०६ साली तलवारबाजीला शास्त्रच म्हटले. चारच वर्षांनी, १६१० मध्ये, सिएनात जर्मन विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या रिदोल्फो कापो फेर्रोने मात्र हात झटकले. तलवारबाजी ही कला, शास्त्र नव्हे. शास्त्राचा विषय शाश्वत गोष्टी, इथे तर सारा माणसाच्या मर्जीचा खेळ. त्याचा भर होता अंतरावर आणि वेळेवर, म्हणजे समोरचा हलतो त्या क्षणावर. अंतर कागदावर काढता येते, तो क्षण कसा काढणार?

गंमत अशी की, मोजमापाचा मोह त्यालाही सुटला नाही. तलवार हाताच्या दुप्पट लांब हवी, असे तो सांगतो. झेपेच्या चित्रावर अक्षरे टाकून एकेक अवयव दाखवतो. हूल देणे वाईट, त्यात वेळ आणि अंतर दोन्ही जातात, असे बजावतो आणि पुढच्या डावांमध्ये खुशाल हूल देतो. मला हा विसंगत वस्ताद अग्रिप्पापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. तालमीत उभा राहिलेला माणूस असाच बोलणार.

अग्रिप्पाचे क्रमांक टिकले, वाढले. फेन्सिंगमधले बचाव आजही पहिला, चौथा, सहावा असेच ओळखले जातात, फक्त फ्रेंच उच्चाराने. पुढे विजेची यंत्रणा आली. ऑलिंपिकमध्ये १९३६ साली एपे या तलवारीला, १९५६ साली फॉइल या तलवारीला. टोक लागले की दिवा पेटतो. पण फॉइलमध्ये दोन्ही बाजूंचे दिवे एकदम पेटले, तर चढाईचा हक्क कोणाचा होता, हे अजून पंचालाच ठरवावे लागते. आणि त्याच्या निर्णयावर वाद घालणारे असतातच.