दार दोन्ही बाजूंनी उघडावे लागते

शासनाच्या सेवकवर्गात जनतेचे प्रतिबिंब पडावे, की तेथे केवळ गुणवत्ताच पाहावी, हा वाद जुना आहे. त्याचा विचार करताना उत्तर आयर्लंडमधील पोलीस दलाचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा, असे आम्हांस वाटते.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडील सहा परगण्यांत प्रॉटेस्टंट बहुसंख्य, तर कॅथलिक सुमारे एक तृतीयांश होते. १९२२ मध्ये ‘रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी’ स्थापन झाली, तेव्हा एक तृतीयांश जागा कॅथलिकांसाठी ठेवण्याचे ठरले. पण त्या कधीच भरल्या नाहीत. सत्ता पन्नास वर्षे एकाच पक्षाकडे राहिली. कॅथलिकांना हे दल परके वाटे. त्यात शिरणाऱ्यास स्वकीय फितूर समजत आणि सशस्त्र गट त्याच्या जिवावर उठत. शतकाच्या अखेरीस लोकसंख्येत कॅथलिक चाळीस टक्क्यांहून अधिक होते. पोलीस दलात मात्र जेमतेम आठ टक्के.

१९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानुसार नेमलेल्या पॅटन आयोगाने १९९९ मध्ये उपाय सुचविला: पात्र ठरलेल्या उमेदवारांतूनच निम्मे कॅथलिक व निम्मे इतर घ्यावेत. गुणवत्तेची अट त्याने सोडली नाही. मात्र त्यामुळे काही पात्र प्रॉटेस्टंट तरुण डावलले गेले, हेही मान्य केले पाहिजे.

आयोग समाजाशीही स्पष्ट बोलला. बिशप, धर्मगुरू, शिक्षक व क्रीडासंस्था यांनी तरुणांच्या वाटेतील अडथळे दूर करावेत, असे त्याने बजावले. पोलिसांना सभासदत्व नाकारणारा आपला नियम गेलिक क्रीडासंघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये रद्द केला. त्याच महिन्यात दलाने नवे नाव धारण केले.

दहा वर्षांनी, २०११ मध्ये, निम्म्या जागांची तरतूद संपली तेव्हा कॅथलिकांचे प्रमाण सुमारे तीस टक्के झाले होते. त्याच एप्रिलमध्ये ओमा गावी पंचवीस वर्षांचा एक कॅथलिक शिपाई बॉम्बस्फोटात मारला गेला. त्याच्या शवपेटीस पोलीस सहकाऱ्यांनी आणि गेलिक संघटनेच्या खेळाडूंनीही खांदा दिला. पुढे मात्र प्रमाण फारसे वाढले नाही. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक परंपरेतील लोक ४५.७ टक्के होते.

१९२२ च्या राखीव जागा कागदावरच राहिल्या, कारण ना संस्थेने आपलेपणा दाखविला, ना समाजाने आपल्या मुलांना निर्भयपणे तेथे धाडले. दार शासनाने उघडावे हे न्याय्यच; परंतु उंबरठा ओलांडणाऱ्या लेकराच्या पाठीवर हात ठेवणे हे आपल्या घरांचे काम आहे.